दारातली राख

पद्मिनीबाई घाटोळ्यांचा हात आधी उठायचा, तोंड त्यानंतर उघडायचं, आणि विचार आलाच तर संध्याकाळी यायचा. नागपुरात महालातली माणसं हे कौतुकानं सांगत. एका उन्हाळ्यात नळाला पाणी नव्हतं, टँकर आला होता, आणि एक दांडगा गडी बायकांची रांग मोडून पाइप आपल्या ड्रमात घालायला लागला. बाईंच्या हातात कपडे धुवायचं धोपटणं होतं. ते त्यांनी त्याच्या मनगटावर असं घातलं, की पुढे बरेच दिवस तो डाव्या हातानं जेवत होता. यजमान दत्तात्रय वीज मंडळात लाइनमन होते. म्हणायचे, मी दोन हाय टेन्शन लाइनी सांभाळतो, एक खांबावरची आणि एक घरातली.

ते वारले तेव्हा राख सावडायलाही बाई स्वतः घाटावर गेल्या. बायका जात नाहीत असं म्हणणाऱ्या दिराकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि दीर बाजूला झाला. राख त्यांनी स्वतःच्या ओंजळीनं भरली. ती किती हलकी असते, आणि कितीही धुतली तरी नखांत किती दिवस राहते, हे त्या दिवशी त्यांना कळलं. हे लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

अशा बाईला आयर्लंडच्या पार उत्तरेला, लेटरकेनीत आणलं ते मुलानं. गिरीश तिथं विम्याच्या सॉफ्टवेअरचं काम करत होता आणि सून भार्गवी मोठ्या इस्पितळात भूलतज्ज्ञ होती. नातीला, ज्ञानदाला, सांभाळायला तीन महिन्यांसाठी म्हणून बाई २०२०च्या फेब्रुवारीत आल्या, मार्चमध्ये जगाला कुलूप लागलं, आणि बाई अडकल्या त्या अडकल्याच. भार्गवी पहाटे बाहेर पडायची ती रात्री यायची. गिरीश माडीवरच्या खोलीत हेडफोन घालून बसायचा. नात मराठी सगळं समजायची, पण उत्तर इंग्रजीत द्यायची, तेही तिथले असले डोनेगॉली हेल काढून, की गिरीशलाही कधीकधी दोनदा विचारावं लागे.

राहता राहिला ह्युई. शेजारच्या घरातला हा म्हातारा निवृत्त पोस्टमन होता, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याला मराठी येत नव्हतं, बाईंना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे दोघांचं उत्तम जमलं. तो भिंतीवरून रुबार्ब नावाच्या भाजीची आंबट देठं द्यायचा, बाईंनी त्यांचं तिखटजाळ लोणचं घालून अर्धी बरणी त्याला परत केली. खाल्ल्यावर त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी अंगठा वर करून तो "ग्रँड, ग्रँड" म्हणत राहिला. बाईंना माणूस आवडला. बाईंना माणूस आवडणं ही सोपी गोष्ट नव्हती.

मग २०२१च्या जानेवारीत उत्तरेकडून वादळ आलं. आधी वारा आला. त्यानं मागचं कुंपण उपटलं, कुणाची तरी पोरांची उड्या मारायची ट्रॅम्पोलिन उचलून एका गाडीच्या काचेवर आदळली, कचऱ्याचे डबे एकमेकांवर आपटत उतारावरून खाली नेले. ज्ञानदा टेबलाखाली जाऊन बसली. वाऱ्यामागून गारा आल्या, गारांमागून बर्फ, आणि मग पारा असा घसरला की सगळं जागच्या जागी गोठलं.

बर्फ हा दुसऱ्या देशात पडतो, असाच या गावाचा समज. समुद्र जवळ, हवा दमट, हिवाळा म्हणजे पाऊस आणि चिखल. नागपुरात पारा सातवर उतरला की पेपरात शेकोट्यांचे फोटो येतात आणि शाळांच्या वेळा बदलतात, तसाच इथला कारभार. बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकणारी काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, गाडी मोठ्या रस्त्यावरून जायची. चढावरच्या वसाहतींनी आपलं आपण बघायचं. गाड्यांना बर्फाचे टायर नव्हते, कुणाकडे बर्फ ओढायचं फावडं नव्हतं. लोक गाडीच्या काचेवर किटलीतलं उकळतं पाणी ओतत, आणि काच तडकली की तिच्याकडे बघत उभे राहत. दुकानातला पाव आणि मीठ पहिल्या दिवशीच संपलं. दूध आणायला निघालेली माणसं बुटांवरून लोकरीचे मोजे चढवत होती, म्हणजे पाय सरकत नाहीत. खिडकीतून ते बघून बाईंनी कपाळाला हात लावला.

त्याच सकाळी त्यांनी सड्यासाठी दार उघडलं आणि उचललेलं पाऊल मागं घेतलं. पायऱ्यांवर राख पडली होती. नुसती सांडलेली नव्हे, उंबऱ्यापासून फाटकापर्यंत बेतानं पसरलेली.

लहानपणी बाईंनी राखेनंच भांडी घासली होती. राखेचं त्यांना वावडं नव्हतं. पण आपण झोपेत असताना, आपल्याच उंबऱ्यावर कुणी ओळीनं राख टाकून जातं, ही गोष्ट वेगळी. याला करणी म्हणतात. सून रोज मरणाच्या दारात काम करायला जाते, इस्पितळात कोविडनं थैमान घातलंय, आणि कुणीतरी दारात राख टाकतंय. बाईंनी किटल्यांमागून किटल्या गरम पाणी केलं, बादली भरली आणि पायऱ्या खसाखसा धुऊन काढल्या. वर चार बोटांची रांगोळी घातली. गिरीशला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो हसला असता, आणि हसलेलं त्यांना चाललं नसतं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा राख. बाईंनी पुन्हा धुतली. धुतलेलं पाणी पायऱ्यांपासून फाटकापर्यंत वाहत गेलं आणि काचेसारखं घट्ट झालं, पण बाईंचं लक्ष त्याकडे नव्हतं. शेहेचाळीस डिग्रीच्या गावात सगळा जन्म गेलेली ही बाई. तापलेल्या फरशीवर पाणी मारलं की घर निवतं, माणसं निवतात, एवढंच त्यांना पाण्याबद्दल माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी त्या दाराआड बादली घेऊन उभ्या राहिल्या. भार्गवीची रात्रपाळी होती, ती थोड्या वेळानं घरी यायची होती. आठ वाजत आले तरी बाहेर अंधारच होता. फाटक करकरलं. पावलं जवळ आली, फावडं लोखंडी बादलीवर घासल्याचा आवाज झाला. बाईंनी खाडकन दार उघडलं. समोर ह्युई. एका हातात राखेची बादली, दुसऱ्या हातात कोळशाचं फावडं.

ज्याला लोणचं दिलं, तोच. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काऊन रे बुढ्या, माह्या दारात राख टाकून राहिला?"

आणि हात उठला. बादलीभर पाणी ह्युईच्या पायांवर जाऊन आदळलं. तो दचकून मागं सरला, मागं दोन दिवसांचं गोठलेलं पाणी होतं, आणि त्याचे दोन्ही पाय एकदम हवेत गेले. कमरेचं हाड पायरीच्या धारेवर आपटलं तेव्हा नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. लोखंडी बादली ठणठण करत उतारावरून खाली गेली. राख वाऱ्यावर उडाली आणि दोघांच्याही तोंडावर बसली.

ह्युई आधी ओरडलाच नाही. मग जो ओरडला, तो वसाहतीतले सगळे दिवे लागेपर्यंत. त्याचा उजवा पाय भलत्याच दिशेला वळला होता.

गिरीश जिन्यावरून धावत खाली आला. "आई, काय झालं?"

बाई म्हणाल्या, "घसरला."

उभ्या जन्मात त्या कुणाच्या बापाला घाबरल्या नव्हत्या, म्हणून खोटं बोलायची पाळी आली नव्हती. त्या दिवशी आली.

अँब्युलन्स आली ती उताराच्या पायथ्याशीच अडकली. चाकं जागेवर फिरत राहिली, आडवी झाली, एका भिंतीला घासली. तोवर पुन्हा गारा सुरू झाल्या. डॉक्टरीण सून फोनवरून बजावत होती की त्याला हलवू नका, म्हणून सगळे त्याच्याभोवती बर्फात उभे राहिले. बाई खाली बसल्या, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, स्वतःची गोधडी त्याच्यावर घातली आणि पाठ वाकवून गारा अंगावर घेत राहिल्या. पाठ सोलून निघत होती. ह्युईचे दात कडाकडा वाजत होते. त्यानं बाईंचं मनगट असं आवळलं होतं की पुढे आठवडाभर तिथं निळे वळ होते. शेवटी अँब्युलन्सवाली दोघं बुटांवर मोजे चढवून, भिंतींना धरत, दोनदा आपटत वर आली आणि त्याला स्ट्रेचरला बांधून चौघांच्या हातांनी खाली घेऊन गेली. वाटेत एकाचा गुडघा फुटला. बर्फावर खालपर्यंत रक्ताचे थेंब पडले होते.

ऑपरेशन झालं. हाड बसवलं. पण म्हातारं शरीर, पलंगावर पडल्यापडल्या छाती भरली. बाहेरच्या कुणाला भेटायला जाऊ देत नव्हते. भार्गवी तेवढी ड्युटी संपली की त्याला डोकावून यायची. एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "आज पुन्हा तेच विचारत होते. पायऱ्यांवर राख टाकली का कुणी? ताप इतका चढलाय, तरी एकच काळजी."

बाईंचा घास हातातच राहिला. "कायची राख?"

"आई, तुम्हाला माहीत नाही? ते कोळशाची शेगडी पेटवतात ना. बाकी सगळ्यांकडे तेलावरचं हीटिंग, राख फक्त त्यांच्याकडेच. बर्फ पडला की अख्ख्या रांगेत टाकतात, पाय सरकू नये म्हणून. आपल्याकडे सगळ्यात आधी, कारण मी सगळ्यात आधी बाहेर पडते." भार्गवीनं डोळे पुसले. "मला म्हणाले, इतकी माणसं तुझी वाट बघतायत, तू पडलीस तर कसं चालेल?"

बाईंनी घास ताटात ठेवला. मग त्यांनी सगळं सांगितलं, काही न ठेवता. भार्गवी भिंतीला टेकून खाली बसली. गिरीश मात्र उभाच राहिला, आणि बाईंना त्याचा चेहरा कधी नव्हे इतका परका वाटला.

"हे ह्या घराबाहेर जाणार नाही," तो म्हणाला. "आई, कळतंय का तुला? तुझा व्हिसा एक्स्टेंशनवर आहे. पोलीस केस झाली तर? भार्गवीचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन आहे, माझा जॉब आहे. तो स्वतःच सगळ्यांना सांगतोय ना, बर्फावरून घसरलो म्हणून? विषय संपला."

"तो तसं सांगते?"

"हो. पहिल्या दिवसापासून."

हे ऐकून बाईंना बरं वाटायला हवं होतं. त्यांना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं वाटलं.

फेब्रुवारीत ह्युई गेला. त्याच आठवड्यात दुसरं वादळ आलं आणि उतार पुन्हा गोठला. या खेपेला राख टाकणारं कुणीच नव्हतं.

लॉकडाउनमुळे चर्चमध्ये मोजकीच माणसं जाऊ शकत होती, म्हणून बाकीची आपापल्या फाटकाशी उभी राहिली. शववाहिनी वर चढेना. रस्ता गोठायच्या आधी इस्पितळातून घरी आणलेली शवपेटी खांद्यावर घेऊन सहा जण घरापासून खाली निघाले, काळ्या बुटांवर लोकरीचे मोजे चढवून. पद्मिनीबाईंच्या फाटकासमोरच पुढच्या माणसाचा पाय सरकला. तो गुडघ्यावर कोसळला, पेटी तिरकी झाली, भिंतीवर दाणकन आपटली आणि एका बाजूचं कोरीव लाकूड फुटून उडालं. क्षणभर सगळ्यांना वाटलं की ह्युई पुन्हा बर्फावर पडणार. त्याची मुलगी नोरीन, ग्लासगोहून आलेली, दोन्ही हात पसरून पेटीखाली घुसली. तिच्या कपाळाला पेटीचा कोपरा लागला. पेटी सावरली, खाली गेली.

दफन उरकल्यावर नोरीन एकटीच वर आली, प्रत्येक फाटकाशी थांबून आभार मानत. कपाळावरचं रक्त वाळलं होतं. घाटोळ्यांच्या फाटकाशी आली तेव्हा मास्क लावून बाई, गिरीश आणि भार्गवी तिघंही उभी होती. ती बाईंकडे बघून म्हणाली की वडील फोनवर तुमच्या लोणच्याबद्दल सांगायचे, आणि त्या दिवशी त्यांना मांडीवर घेऊन बसलात त्याबद्दल मी आभारी आहे. गिरीशनं ते मराठीत सांगितलं.

बाई म्हणाल्या, "तिले सांग, पानी म्या फेकलं. म्हनून तिचा बाप पडला."

गिरीश इंग्रजीत म्हणाला की आईला फार वाईट वाटतंय, ह्युईसारखा शेजारी पुन्हा मिळणार नाही.

नोरीनचे डोळे भरून आले. तिनं छातीवर हात ठेवून मान लववली.

आता, बाईंना इंग्रजी येत नसलं तरी वर्षभर नातीबरोबर चित्रांची पुस्तकं बघितली होती. पाण्याला काय म्हणतात, फेकण्याला काय म्हणतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. गिरीशच्या वाक्यात त्यांतलं काहीच नव्हतं. आणि ज्या बाईनं त्यांना मारायला हवं होतं, ती त्यांच्यापुढे मान लववत होती.

बाईंचा हात उठला. चाळिशीच्या मुलाच्या कानाखाली अशी बसली की त्याचा मास्क एका कानाला लोंबकळला आणि पलीकडच्या फाटकाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली.

"वॉटर," बाई नोरीनला म्हणाल्या, स्वतःच्या छातीवर मूठ आपटत. "मी. आय थ्रो वॉटर. ह्युई फॉल. नॉट आइस. मी."

नोरीन आधी बाईंकडे, मग गिरीशकडे बघत राहिली. मग तिनं एकच शब्द विचारला: का.

"सांग तिले," बाई म्हणाल्या. "मले वाटलं तो राख टाकून आमच्यावर करनी करून राहिला. जसं म्हनलं तसंच सांग."

या वेळी गिरीशनं शब्दाला शब्द सांगितला. त्याचा गाल लाल झाला होता आणि आवाज फुटत होता. ऐकता ऐकता नोरीनचा चेहरा पांढरा पडला. तिनं फाटकाला अशी लाथ घातली की कडी तुटून बर्फात पडली. दुसरी लाथ घातली, फाटक बिजागरीतून सुटलं. ती मुठी आवळून बाईंच्या तोंडापर्यंत आली. बाई हलल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यावर हात उगारला होता आणि त्यांचे दोन्ही हात खाली होते.

"मारू दे तिले," त्या गिरीशला म्हणाल्या. "मधात येऊ नको."

नोरीनची मूठ हवेतच राहिली. मग ती वळली आणि बापाच्या घरात जाऊन तिनं दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घाटोळ्यांच्या पायरीवर काहीतरी दाणकन आदळलं. गिरीशनं दार उघडलं. नोरीन उभी होती, पायाशी ती लोखंडी बादली, एका बाजूनं चेपलेली, राखेनं भरलेली. राखेवर एक किल्ली ठेवली होती.

"तुझ्या आईला सांग," ती म्हणाली, "आणि नीट सांग. मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. पोलिसांकडे जाणार नाही, कारण वडिलांनी ते खोटं मरेपर्यंत सांभाळलं, आणि ते मोडायचं मला कळत नाही. मी आज जातेय. घर बंद राहिलं तर नळ गोठून फुटतील. हिनं रोज जाऊन शेगडी पेटवायची. राख निघेल ती टाकायची. सगळ्या रांगेत."

गिरीशनं नीट सांगितलं. बाईंनी किल्ली उचलली.

संध्याकाळी त्या ह्युईच्या घरात गेल्या. घर गारठलेलं होतं. खिडकीत त्यांची लोणच्याची बरणी होती, तळाशी थोडं उरलेलं, आणि आत काटा तसाच. त्या शेगडीसमोर बसल्या आणि त्यांनी आग पेटवली. धुरानं डोळे चुरचुरायला लागल्यावर त्यांनी मोठ्यानं रडून घेतलं.

पहाटे बादली घेऊन त्या बाहेर पडल्या. बुटांवर गिरीशचे लोकरीचे मोजे चढवले होते. ज्या राखेनं त्यांच्या काळजाचं पाणी केलं होतं, तिची पहिली ओंजळ त्यांनी स्वतःच्याच उंबऱ्यावर टाकली, मग पायऱ्यांवर, जिथं ह्युई पडला होता तिथं दोनदा, मग मोडक्या फाटकाशी. मग पुढच्या घरी गेल्या, आणि त्याच्या पुढच्या.

परत आल्या तेव्हा भार्गवी निघत होती. ती दारात थांबली, खाली बघितलं, सासूकडे बघितलं आणि राखेवर पाय ठेवत गाडीपर्यंत गेली. तिचा पाय कुठं सरकला नाही.

बाई सवयीनं नळापाशी गेल्या. नखांत राख भरली होती. त्यांनी नळ उघडला, थोडा वेळ पाण्याकडे बघितलं आणि हात न धुताच बंद केला.